फोनवरची धाप

पोहणारा माणूस पुढे जातो, असा आपला सगळ्यांचा समज असतो. त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या तलावात ती मात्र जीव तोडून पोहत होती आणि जागची तसूभर हलत नव्हती. कमरेला पट्टा, पट्ट्याला रबरी दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक शिडीच्या दांड्याला बांधलेलं. वेडेपणा नव्हता तो. तलाव कसला, मोठं घंगाळच होतं ते. चार हात मारले की समोर भिंत. मग दोरी बांधायची आणि भिंतीचं तोंड न बघता हवं तितकं पोहायचं, अशी तिची युक्ती होती.

आणि एकाएकी दोरी सैल झाली. ती बाणासारखी सुटली आणि समोरच्या भिंतीवर धाडकन आदळली.

"अहो! दोरी का सोडलीत?"

काठावर एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल, हातात दोरीचं टोक, आणि चेहरा असा, की जणू चोरी करताना पकडला गेलाय.

"मला वाटलं, कोणीतरी विसरून गेलंय. कुणाच्या पायात येईल, म्हणून..."

"आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, ते नाही बघावंसं वाटलं?"

"आता बघतोय ना," तो बोलून गेला, आणि लगेच कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे... तसं नाही. फार लागलं का?"

लागलं होतं. पण कपाळालाच, असं ती पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना ठासून सांगत राहिली. कुणी विश्वास ठेवला नाही, ही गोष्ट वेगळी.

नाश्त्याच्या वेळी तो तिच्या टेबलाशी आला तो हातात कागदाची पिशवी घेऊन. आत पाव होता, अजून वाफा निघणारा. "दंड," तो म्हणाला. बेकऱ्यांच्या विटांच्या भट्ट्या बांधायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या, आणि पहिला पाव नीट भाजून निघेपर्यंत त्या गावात मुक्काम ठोकायचा, हा त्याचा धंदा. वडिलांपासून चालत आलेला. कोवळ्या वयापासून तो विटा कापत होता. बोलता बोलता मध्येच खोकायचा.

"सर्दी?"

"छे. विटांची भुकटी. आमच्या धंद्यात सगळेच खोकतात. सवय आहे."

तिनेही आपलं सांगितलं. हॉस्पिटलांत ती मोठाली स्कॅनिंगची यंत्रं असतात ना, ती बिघडली की हिला बोलावणं यायचं. आज या शहरात, परवा त्या. दारातून आत शिरतानाच, यंत्राच्या नुसत्या आवाजावरून ती बिघाड ओळखायची. त्याबद्दल ऑफिसात तिचं नाव होतं. बॅग कायम भरलेली. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवाने पाठवलंय." घरी कुंडी ठेवली तर ती वाळायची. मैत्रिणी आधी रुसल्या, मग फोन करायच्या थांबल्या. एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलगा म्हणाला, तू घरात असशील कधी? ते तिथेच मोडलं.

"म्हणून हे पोहणं?" त्याने विचारलं.

"नुसतं पोहणं नाही. तळ्यात पोहायचं, पाण्यातून निघून तसंच सायकलवर बसायचं, सायकलवरून उतरलं की पळायचं. सगळं एका दमात. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. पुढच्या वर्षी आहे." ती जरा थांबली. "माझं सगळं सुटतं हो. कुठलीच गोष्ट टिकत नाही. ही एक तरी टिकवायची आहे."

पाव तोडता तोडता तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तळ्यात पोहून बघितलंय कधी?"

"नाही. भीती वाटते. बांधलेली असले की बरं वाटतं मला."

"मग मी फारच मोठा गुन्हा केला म्हणायचा... दोरीवाली."

"हो. आणि दंड एका पावावर भागणार नाही... भट्टीवाले."

बस्, एवढंच. प्रेम म्हणजे काही वीज पडत नाही डोक्यावर. आपल्याला पुढच्या मुक्कामाचं गाव विचारणारं माणूस भेटतं, आणि आपण खरं खरं सांगतो... तिथेच सगळं ठरलेलं असतं.

पुढच्या महिन्यांत दोघांची गावं अधूनमधून जुळायला लागली. जुळायला लागली कसली, जुळवायला लागली! ती आपल्या वाटणीच्या कामांत अदलाबदल करायची, तो एखादी भट्टी मुद्दाम चार दिवस उशिरा तापवायचा. भेट झाली की पहाटे बरोबर पळायचं, हॉटेलच्या तळघरातल्या व्यायामाच्या सायकलींवर शेजारी शेजारी बसून घाम गाळायचा. ती सायकल जागच्या जागी, तिचं पोहणंही जागच्या जागी. "तुझी प्रगती दांडगी आहे," तो म्हणायचा, "एवढी मेहनत करून अजून तिथेच!" तिने पाण्याची बाटली फेकून मारली की झेलायचा आणि त्यातलंच पाणी प्यायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

आणि गावं जुळत नसत तेव्हा फोन होता. सकाळी उजाडलं की दोघं आपापल्या शहरात बूट बांधायचे, कानात हेडफोन घालायचे आणि निघायचे. सुरुवातीला थोडं बोलणं. "तुझ्याकडे पाऊस आहे?" "भुरभुर. तुझ्याकडे?" "धुकं. समोरचा कुत्रासुद्धा दिसत नाहीये." मग दम लागायला लागला की बोलणं आपोआप बंद. उरायचे फक्त श्वास. तिचा त्याच्या कानात, त्याचा तिच्या. अनोळखी रस्ते, बंद दुकानं, ओले फूटपाथ, आणि कानाशी कुणाचीतरी धाप... आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठल्याच गावात परकं वाटेनासं झालं.

एकदा तिच्या वाटेवर एक मोठा चढ आला.

"चढ लागला का गं?"

"हो... बोलायला... लावू नकोस..."

"बरं. मग नुसतं ऐक. मला तू आवडतेस. फार. उत्तर देऊ नकोस, श्वास जाईल."

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या दूधवाल्याने घंटी वाजवून वाजवून हात दुखवून घेतला.

"ही काय... वेळ आहे का..."

"थांबलीस ना? थांबू नकोस, पाय गार पडतील!"

ती पळाली. वर पोचली, चांगला दम घेतला, आणि मग म्हणाली, "मलाही."

"काय?"

"दोनदा नाही सांगणार."

घरी हे लपलं नाही. वहिनीने आवाजावरूनच ताडलं. "हल्ली शहाणपणाने बोलायला लागलात, काय भानगड आहे?" आईला सगळं कळल्यावर आईने आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "तीन तीन कामं एकदम करायची एवढीच हौस असेल तर घरी या दोघं. स्वयंपाक, धुणी, भांडी. तीन होतात." आणि मग हळूच, "माणूस चांगला आहे ना गं?"

"पाव चांगला करतो, आई."

"मग झालं तर," आई म्हणाली.

नंतर भेटी कमी व्हायला लागल्या. काम फार आहे, म्हणायचा. भट्टी फुटलीये, मालक सोडत नाही, पुढच्या वेळी नक्की. पण सकाळचा फोन मात्र चुकायचा नाही. उलट तोच आधी करायचा. आपल्या ताईच्या गावी मोठं काम मिळालंय, आता मुक्काम तिथेच, रोज नदीकाठाने पळतो, असं सांगायचा. नदीचं वर्णन करायचा. पूल, पुलाखालचे बगळे, वळणावरचं मोडकं बाक.

त्याची धाप आता लवकर लागायची. पूर्वी ती फासफूस करायची आणि हा शीळ घालायचा. आता निघाल्या निघाल्या त्याचा श्वास जड. तिला गंमत वाटायची.

"म्हातारा झालास रे!"

"झालो... खरा..."

"पाव खाऊन खाऊन सुटला असशील. कासवा, पळ! मी पुढे गेले बघ!"

"जा... तू पुढे जा..." आणि तो हसायचा, हसता हसता खोकायचा.

यंत्राच्या घरघरीवरून बिघाड सांगणारी बाई ती. कानाला जरा काही वेगळं लागलं की पाना हातात घेणारी. आणि या श्वासात तिला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तिला वाटत होतं, तो पळतोय. पळणाऱ्या माणसाला धाप लागणारच की!

एकदा एक काम अचानक रद्द झालं आणि तिने ठरवलं, गंमत करायची. पहाटेची गाडी पकडून ती त्याच्या ताईच्या गावी उतरली, थेट नदीवर गेली. पूल होता. बगळे होते. मोडकं बाक पण होतं. ती त्या बाकावर बसली आणि ठरल्या वेळी फोन लावला.

"निघालास?"

"निघालो... तू?"

"मी पण. कुठे पोचलास?"

"पुलाखाली... आता वळण येईल..."

पुलाखाली कुणी नव्हतं. काठाची वाट दोन्ही बाजूंनी रिकामी. तिच्या कानात त्याची धाप चालू होती आणि समोर बगळे निवांत उभे होते. क्षणभर तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं. दुसरी कुणी असेल, असंही येऊन गेलं. खोटं कशाला सांगू? ते तरी बरं झालं असतं, असं तिला पुढे कैकदा वाटलं.

ताईचं घर तिला पत्त्याने माहीत होतं. फोन तसाच चालू ठेवून ती तिथे गेली. ताईने दार उघडलं. हिला बघून तिचा चेहरा पडला, आणि ती बाजूला झाली.

गॅलरीत तो खुर्चीवर बसला होता. अंगावर शाल. पायांत पळायचे बूट, नाड्या नीट बांधलेल्या. पाय स्थिर. फोन छातीशी धरलेला, डोळे मिटलेले, आणि छाती भात्यासारखी वरखाली. बसल्या जागी. नुसतं बसल्या जागी त्याला इतकी धाप लागली होती.

"कासवा," ती म्हणाली. आवाज फोनमधूनही आला आणि पाठीमागूनही.

त्याने डोळे उघडले. फोन हळूच मांडीवर ठेवला. मग तोच म्हणाला, "न सांगता येतात का असं?"

"न सांगता बसतात का असं? कधीपासून?"

"भुकटी. फुफ्फुसात बसलीये. फुफ्फुसं दगडासारखी झालीत म्हणे... आता निघत नाही ती. दोन-तीन डॉक्टर झाले. सगळे तेच सांगतात."

"मी तुला म्हातारा म्हटलं. कासव म्हटलं!" ती ओरडलीच. आत ताईने भांड्यांचा आवाज मोठा केला. "मी हसले रे तुला! सांगता नाही आलं? माझा काही हक्क नव्हता?"

"सांगितलं असतं तर तू पळायची थांबली असतीस."

"थांबले असतेच!"

"तेच नको होतं." तो दम घ्यायला थांबला. "तुझं एक तरी टिकायला हवं होतं ना? आणि... खरं सांगू? माझ्या स्वार्थाचं पण होतं. तू पळायला लागलीस की मला ते सगळं ऐकू यायचं. तुझे बूट, वारा, गाड्या. डोळे मिटले की मीही पळायचो. दिवसभरात तेवढाच वेळ मी आजारी नसायचो."

ती खाली बसली आणि तिने त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. उगीचच. हातांना काहीतरी करायला हवं होतं. मग त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

"लग्न करायचं आपण," ती डोकं वर न करता म्हणाली.

"वेड लागलंय तुला."

"विचारलं नाही मी. सांगितलं."

"आधी शर्यत," तो म्हणाला. "मग बघू."

ती काही दूधखुळी नव्हती. तो टोलवतोय, हे तिला कळत होतं. पण तिने वाद घातला नाही. नोकरी सोडते म्हणाली, तर त्याने दोन दिवस अबोला धरला. शेवटी तिने गावाजवळची कामं मागून घेतली, आणि लांब गेली तरी सकाळचा फोन चालूच राहिला. फरक एवढाच, की आता तो खुर्चीतून बोलतोय हे दोघांनाही ठाऊक होतं. "आज काय दिसतंय?" तो विचारायचा, आणि ती धापा टाकत सांगायची. लाल छपरं. शाळेची बस. एक माणूस दोन छत्र्या घेऊन चाललाय. "दोन कशाला?" "विचारू का जाऊन?" "विचार!" आणि खरंच ती जाऊन विचारून आली. एक बायकोची होती.

शर्यतीला थोडे दिवस राहिले तेव्हा त्याने हट्टच धरला. "तळ्यावर नेतो तुला." नेतो कसला, त्यालाच ताईने आणि तिने धरून नावेत बसवलं. थंडी होती. पाणी काळंभोर, तळ दिसत नव्हता. काठावर तिचे दात वाजत होते, आणि ते थंडीने नव्हे.

"मला नाही जमणार."

"दोरी आणलीये," तो म्हणाला. तीच, रबरी. एक टोक तिच्या पट्ट्याला, दुसरं त्याने आपल्या मनगटाला गुंडाळलं. "मी धरून ठेवतो. मग तर झालं?"

मग झालं. नाववाला हळूहळू वल्ही मारत होता आणि ती शेजारून पोहत होती. श्वास घ्यायला मान वळवली की तो दिसायचा. शालीत गुंडाळलेला, ओठ निळसर, डोळे मात्र पूर्वीचेच खोडकर. भीती हळूहळू विरघळली, मग नावेकडे बघायचंही राहून गेलं. पहिल्यांदाच ती पोहत होती आणि मागचं खरोखर मागे पडत होतं. पलीकडच्या काठाला पाय टेकले तेव्हा तिने दोरी ओढून बघितली. अख्खी दोरी तिच्या मागे पाण्यात तरंगत होती. नाव पार मधोमध थांबलेली होती.

नाव आल्यावर ती ओरडली, "पुन्हा सोडलीस?"

"पहिल्यांदा चुकून सोडली होती," तो म्हणाला. "आज मुद्दाम."

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. त्याने हात पुढे केला, तिने तो गालाशी धरला. हात गार होता, तिचा गाल त्याहून गार. नाववाला शहाणा माणूस, तो दुसरीकडे बघत राहिला.

शर्यतीच्या आधीच तो गेला. सकाळी, ठरल्या वेळी तिने फोन लावला तर ताईने उचलला. "मग बघू" म्हणाला होता. तो 'मग' काही आला नाही. त्या दिवसानंतर तिने बूट कपाटात टाकले आणि कपाट लावून घेतलं. आठवडा गेला. आई येऊन राहिली, डोक्यावरून हात फिरवत राहिली, पळ म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. एके सकाळी तिला जाग आली तर बूट पलंगाशेजारी ठेवलेले होते, पुसून स्वच्छ केलेले. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"पुढे जा म्हणाला होता ना गं तो," आई म्हणाली. तिने बूट घातले.

शर्यतीत कानात काही घालायला बंदी असते. तिने दोरी घरी ठेवली, फोन दादाकडे दिला आणि तळ्यात उतरली. श्वासाला मान वळवली की नाव नव्हती, नुसतं पाणी. ती पोहली. सायकलवर बसली, तीही खरीखुरी पुढे जाणारी. पळायला लागली तेव्हा पायांचे नुसते ओंडके झाले होते. शेवटी शेवटी एक चढ आला. उत्तर देऊ नकोस, श्वास जाईल. तिने दिलं. "मलाही," ती मोठ्याने म्हणाली. बाजूने पळणाऱ्या बाईने चमकून बघितलं. श्वास गेलाच, पोटात कळ आली. तरी ती पुन्हा म्हणाली, "मलाही." आणि चढ चढली.

रेषा ओलांडली तेव्हा कडेला दादा-वहिनी ओरडत होते, आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. तिला कुणी दिसलं नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. तोंड उघडं, छाती वरखाली, घशातून घरघरत येणारा श्वास. आणि तिला ऐकू आलं. हाच तो आवाज. रोज सकाळी कानाशी असायचा तोच.

स्पर्धेच्या व्यवस्थेतली एक बाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. "बसा, बसा ना जरा. लांब श्वास घ्या, आत्ता ओसरेल धाप."

"नको," ती म्हणाली. "राहू दे थोडा वेळ."

आणि ती तशीच वाकून उभी राहिली, ऐकत.